डाकिनी : आकाशातली आणि आमच्या गल्लीतली

शुक्रवारी तिन्हीसांजेला आमच्या घरी ललितासहस्रनाम म्हटले जाते. अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गेली चाळीस वर्षे ते म्हणत आल्या आहेत. माझे माहेर मराठी आणि सासर कन्नड. एरवी आमच्या घरात एक वाक्य मराठीत सुरू होते आणि कन्नडात संपते; सहस्रनामाच्या वेळी मात्र दोन्हीही भाषा गप्प बसतात. देवापुढे समई, तबकात हळदकुंकू आणि नैवेद्याला वाटीभर पायस. मी स्वयंपाकघरात असते आणि मुलगी अज्जीच्या शेजारी पुस्तकात बोट ठेवून बसलेली असते.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी तिचे बोट मध्येच थांबले.

"अज्जी, हे ‘डाकिनीश्वरी’ म्हणजे काय गं? डाकीण म्हणजे चेटकीण ना? मग तिला नमस्कार कशाला करायचा?"

"सुम्न कूडु," अत्ती म्हणाल्या. गप्प बस. पाठ पुढे चालू झाला. पण जेवताना तो प्रश्न माझ्या पानात येऊन पडला. "आई, तू कॉलेजात मराठी शिकवतेस. तूच सांग."

मी शब्दाचा अर्थ सांगितला, थोडा इतिहास सांगितला. मुलीचे समाधान झाले आणि ती झोपायला गेली. मला मात्र झोप येईना. कारण हा शब्द मी आयुष्यात एकदा, आठ वर्षांची असताना, एका बाईसाठी वापरला होता. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी शब्दाची गोष्ट सांगू दे, कारण ती आपल्या दोन्ही भाषांची आहे आणि पुष्कळ दूरवर गेलेली आहे.

उडणारी ती डाकिनी

संस्कृतात ‘डी’ या धातूचा अर्थ उडणे असा आहे. आपण विमानाचे उड्डाण म्हणतो त्यातही तोच धातू आहे. ‘डाकिनी’ या शब्दाचा संबंध अनेक अभ्यासक याच धातूशी जोडतात. तिबेटी पंडितांनी हा शब्द आपल्या भाषेत नेला तेव्हा त्यांनी केलेले भाषांतरही तसेच आहे : ‘खांड्रोमा’, म्हणजे आकाशातून जाणारी. आपल्या तंत्रग्रंथांतली ‘खेचरी’ म्हणजेही तीच. ‘ख’ म्हणजे आकाश, आणि त्यात संचार करणारी ती खेचरी.

पण ही आकाशकन्या पहिल्यापासून गोड स्वभावाची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात गंगधार नावाचे गाव आहे. तिथे मालव संवत ४८० चा, म्हणजे इसवी सन ४२३-२४ चा एक शिलालेख सापडला. विश्ववर्मा राजाचा मंत्री मयूराक्षक याने विष्णूचे देऊळ, पिण्याच्या पाण्याची विहीर आणि मातृकांचे देऊळ बांधल्याची नोंद त्यात आहे. मातृकांचे ते देऊळ डाकिनींनी भरलेले होते, तिथल्या माता हर्षाने गर्जना करीत आणि तंत्राच्या जोरावर उठलेल्या वाऱ्याने समुद्र ढवळून काढीत, असे त्याचे वर्णन आहे. डाकिनींचा आपल्याला माहीत असलेला हा सर्वांत जुना कोरीव उल्लेख. देऊळ भयंकर आहे असे लेखात सांगितले आहे आणि ते पुण्यासाठी बांधले असेही सांगितले आहे. लोकांसाठी विहीर खोदणाऱ्या माणसाला या दोन गोष्टींत काही विसंगती वाटली नाही.

त्या काळाच्या मागेपुढे आपल्या भागातही मातांचा असाच दबदबा होता. बदामीचे चालुक्य राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘सप्तमातृकांनी वाढविलेले’ म्हणवून घेत. ऐहोळेला गेलात तर ‘दुर्ग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवळात फोटो काढून परत फिरू नका. थोडे पुढे जाऊन रावणफडी लेणे पाहा. तिथे नाचणाऱ्या शिवाभोवती सप्तमातृकाही नाचताना दिसतात. शाळेच्या सहलीत मुलांना त्या दाखवल्या जातात, पण त्या कोण हे क्वचितच सांगितले जाते. प्रसंगी मूल उचलून नेणाऱ्या आणि प्रसंगी तेच मूल जगवणाऱ्या अशा त्या आया. आपल्याकडे विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरांचा स्वभावही असाच. बाळंतिणीला त्यांची भीती घालतात आणि बाळ सुखरूप झाले की खण-नारळही त्यांनाच नेतात.

गोठा उडाला!

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला. त्यात कालरात्री नावाच्या एका गुरुपत्नीची गोष्ट आहे. ती डाकिनींच्या मंडळातली. तिच्या नवऱ्याचा सुंदरक नावाचा शिष्य एका रात्री गोठ्यात लपून बसला होता. ती आपल्या सख्यांसह आली, मंत्र म्हटला आणि अख्खा गोठाच आकाशात उडाला. कनोजहून निघालेला गोठा थेट उज्जैनला जाऊन उतरला! सुंदरकाने मंत्र ऐकून ठेवला. उज्जैनच्या मळ्यातले मुळे उपटून त्याने भूक भागवली आणि उरलेले कनोजच्या बाजारात विकायला काढले. माळव्याचे मुळे कनोजात कसे, अशी चौकशी सुरू झाली आणि बिंग फुटले.

ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुले हसतात. पण एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मंत्र तर त्यानेही म्हटला, गोठा त्यानेही उडवला. मग त्याला कुणी डाकीण का नाही म्हटलं?" मी म्हटले, "डाकीण हा शब्द स्त्रीलिंगी आहे." वर्ग पुन्हा हसला. मुलगी हसली नाही. माझे उत्तर व्याकरणाला धरून होते, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे मला बसमध्ये बसल्यावर कळले.

छप्पर नसलेली देवळे

या आकाशगामी स्त्रियांना योगिनी असेही नाव आहे. नवव्या शतकापासून पुढे तीन-चारशे वर्षे मध्य भारतात आणि ओडिशात त्यांच्यासाठी देवळे बांधली गेली. त्यांची रचना इतर कुठल्याही देवळासारखी नाही. बहुतेक देवळे गोल आहेत, मधोमध मोकळे अंगण आहे आणि वर छप्पर नाही. योगिनी आकाशातून उतरणार आणि आकाशातच परत जाणार, मग त्यांच्या वाटेत छप्पर कशाला?

भुवनेश्वरजवळच्या हिरापूरचे देऊळ यांत सर्वांत लहान. आतला व्यास जेमतेम पंचवीस फूट. तिथे भिंतीतल्या कोनाड्यांत काळ्या दगडाच्या योगिनी उभ्या आहेत. कुणाचे तोंड पशूचे, तर कुणी आपल्या वाहनावर तोल सांभाळून उभी. केदारनाथ महापात्र यांनी १९५३ मध्ये हे देऊळ अभ्यासकांच्या नजरेस आणले. जबलपूरजवळ भेडाघाटला लोक चौसष्ट योगिनींचे देऊळ म्हणतात, पण तिथली रचना एक्याऐंशी मूर्तींची आहे. मुरैना जिल्ह्यातले मितावलीचे देऊळ टेकडीवर आहे. जुन्या संसद भवनाची कल्पना त्यावरून सुचली असे पुष्कळ जण म्हणतात, त्याला कागदोपत्री आधार मात्र नाही. खजुराहोचे योगिनी मंदिर तर गोल नसून चौकोनी आहे आणि तिथल्या देवळांत ते सर्वांत जुन्यांपैकी एक मानतात. डॉ. विद्या देहेजिया यांनी १९८६ मध्ये या देवळांवर सविस्तर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

या योगिनींच्या नशिबी दुसरे उड्डाणही आले. बुंदेलखंडातल्या लोखरी गावातून बैलाच्या तोंडाची वृषानना योगिनी चोरीला गेली आणि फ्रान्समध्ये पोचली. २०१३ मध्ये ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात परत आली. त्याच गावची शेळीच्या तोंडाची योगिनी इंग्लंडमधल्या एका घराच्या बागेत सापडली. १४ जानेवारी २०२२ रोजी, ऐन संक्रांतीला, ती लंडनमध्ये भारतीय उच्चायुक्तालयाच्या ताब्यात देण्यात आली. ज्या गावात शेकडो वर्षे लोक तिच्याकडे भीतीने पाहत, त्या गावाच्या मूर्तीसाठी दोन देशांत कागदपत्रे फिरली. दगडाची डाकिनी परत यावी म्हणून आपण एवढे झटलो, हे चांगलेच झाले. हाडामांसाच्या बाईला गावातून घालवले जाते तेव्हा मात्र असे कागद फारसे फिरत नाहीत.

मुंडगोडची चहावाली

हुबळीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९६०च्या दशकात ती वसली. थंडीत आपल्या शहरांत स्वेटर विकायला बसणारी तिबेटी कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत, पण त्यांच्या घरी आपण सहसा जात नाही. काही वर्षांपूर्वी मी मुलांची सहल घेऊन तिथल्या मठात गेले होते. बाहेर चहाच्या दुकानात एक पन्नाशीची बाई होती. तिचे कन्नड माझ्यापेक्षा चांगले. बोलता बोलता मी ‘डाकिनी’ हा शब्द काढला आणि आमच्याकडे ती शिवी आहे असे सांगितले.

तिने चहा गाळता गाळता माझ्याकडे पाहिले. "आमच्यात ‘खांड्रो’ हे मोठ्या मानाचं बोलणं," ती म्हणाली. "साधना करणाऱ्या बाईला म्हणतात. मुलीचं नावसुद्धा ठेवतात."

तिबेटी परंपरेतही मांस खाणाऱ्या डाकिनी आणि ज्ञान देणाऱ्या डाकिनी असे दोन प्रकार मानतात, आणि तिथे सगळ्याच बायकांना बरोबरीचा मान मिळाला असेही नाही. पण शब्दाची मोठी बाजू त्यांनी टाकून दिली नाही. आठव्या शतकातली येशे त्सोग्याल ही पद्मसंभवाची शिष्या. गुरूचे उपदेश स्मरणात ठेवून पुढच्या पिढ्यांसाठी तिनेच जपले, अशी परंपरा सांगते. अकराव्या-बाराव्या शतकात माचिक लाब्द्रोन होऊन गेली. भुताखेतांना घाबरून पळू नका, मनोमन आपला देहच त्यांना जेवू घाला, म्हणजे भीती सरेल, अशी साधना तिने शिकवली. दोघींनाही तिथे डाकिनी म्हणतात आणि हात जोडून म्हणतात. जपानमध्ये ही देवता पांढऱ्या कोल्ह्यावर बसून पोचली. तिथे तिला ‘दाकिनीतेन’ म्हणतात आणि तोयोकावा इथल्या प्रसिद्ध बौद्ध देवस्थानात तिची पूजा चालते.

त्याच परंपरेतली नारोपाची कथा मला सगळ्यांत जास्त लागते, कारण ती माझ्यासारख्या शिकवणाऱ्या माणसांची आहे. नारोपा हा नालंदेचा मोठा पंडित. एकदा तो ग्रंथ वाचत बसला असताना पानावर सावली पडली. मागे एक कुरूप म्हातारी उभी होती. तिने विचारले, तुला यातले शब्द कळतात की अर्थ? शब्द कळतात, असे तो म्हणाला. म्हातारी आनंदाने हसू-नाचू लागली. तिला आणखी खूश करावे म्हणून तो म्हणाला, अर्थही कळतो. त्याबरोबर ती रडू लागली. का रडतेस विचारल्यावर तिने सांगितले की, आधी तू खरे बोललास म्हणून हसले. आता तुझ्यासारखा विद्वान खोटे बोलला म्हणून रडते. ती म्हातारी डाकिनी होती. नारोपाने विद्यापीठ सोडले आणि तो गुरूच्या शोधात निघाला.

विचार करा, ती म्हातारी आपल्या गल्लीत आली असती तर? तिचा प्रश्न कुणी ऐकून घेतला असता का?

वरून खाली आलेला शब्द

आपल्याकडे मात्र हे शब्द हळूहळू खाली उतरत गेले. योगेश्वरीची जोगेश्वरी झाली, तिथवर देवीपण टिकले. योगिनीची जोगीण झाली, ‘जोगती’ हा शब्दही याच घराण्यातला. सौंदत्तीच्या डोंगराकडे जाताना जोगुळभावीपाशी थांबणारी, डोक्यावर यल्लम्माचा जग घेतलेली जोगव्वा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या परडीत आपण जोगवा घालतो, तिच्या पाया पडतो आणि घरी आल्यावर तिच्याविषयी वेगळ्याच आवाजात बोलतो. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात, म्हणजे तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातही, १९३४ मध्ये कायदा झाला. कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा कायदा केला. योगिनी या शब्दाला किती खाली यावे लागले, ते या कायद्यांच्या गरजेवरूनच कळते.

डाकिनीचे तर त्याहून वाईट झाले. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात भीमाशंकराच्या ठिकाणाला डाकिनी हेच नाव आहे. ते आपण रोज म्हणतो. आणि त्याच डाकिनीची ‘डाकीण’ झाली की तो आरोप होतो. राजस्थानात तिला ‘डाकन’ म्हणत. तिच्या नावाखाली बायकांचा एवढा छळ होई की १८५३ मध्ये मेवाड संस्थानात ही प्रथा बेकायदा ठरवावी लागली. महाराष्ट्रात सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी डाकीण ठरवलेल्या बायकांसाठी अलीकडच्या काळातही काम केले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. कर्नाटकाचा अशाच स्वरूपाचा कायदा २०१७ चा. तो जानेवारी २०२० पासून लागू आहे.

महाराष्ट्राचा कायदा मी मुलीच्या प्रश्नानंतर पहिल्यांदा नीट वाचला. एखादी व्यक्ती करणी करते, भुताटकी करते किंवा मंत्रतंत्राने गुराढोरांचे दूध आटवते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. दुधाचा उल्लेख वाचला आणि मी कागद खाली ठेवला. कारण आमच्या गल्लीतली गोष्ट दुधाचीच होती.

आमच्या गल्लीतली

आमच्या गल्लीच्या टोकाला, आडाजवळ, एक बाई एकटी राहायची. दोन म्हशी होत्या आणि दहा-बारा घरी रतीब. नवरा गेलेला, दोन मुले लहानपणीच गेलेली. गल्लीत कुणाची म्हैस आटली की बायका तिच्या घराकडे बघत आणि आवाज खाली करत. आम्हा मुलांना तिच्या हातचे काही घ्यायचे नाही अशी ताकीद होती. ती मात्र चरवी घेऊन जाताना गुळाचा खडा हातावर ठेवायची. मी तो घ्यायचे आणि कोपऱ्यावर गेल्यावर टाकून द्यायचे.

आठ वर्षांची असताना मी दुसऱ्याच्या परड्यात शिरून कच्च्या चिंचा चोरल्या आणि पोटभर खाल्ल्या. रात्री उलट्या, सकाळी ताप. आज्जीने विचारले, "काय खाल्लंस? कुणी दिलं?" चोरी कळली तर मार बसणार. मी म्हटले, "तिनं दिलं." आज्जीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी मी बरी होऊन बाहेर गेले आणि मैत्रिणींच्या घोळक्यात तो शब्द मोठ्याने उच्चारला. माझ्या अंगावरून संकट गेले होते ना, म्हणून मला त्या दिवशी फार भाव होता.

तिला कुणी मारले नाही, कुणी दगड टाकला नाही. आमच्या गल्लीने फक्त तिच्याकडचे दूध घेणे बंद केले. आधी आमच्या घराने, मग शेजारच्यांनी, मग सगळ्यांनी. दिवाळीच्या आत तिने दोन्ही म्हशी विकल्या आणि ती भावाच्या गावी निघून गेली. तिला कुणी पोचवायला गेले नाही. त्या दिवाळीला मला नवा फ्रॉक मिळाला होता, हे मला लख्ख आठवते. तिचे नाव मात्र मला माहीतच नव्हते. आम्ही तिला कधी नावाने हाक मारलीच नव्हती.

मुलीच्या प्रश्नानंतर दोन दिवसांनी मी माझ्या थोरल्या आत्याला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे.

"आत्या, आडाजवळ राहायची तिचं नाव काय होतं गं?"

"तुला कशाला हवंय आता ते?"

मी सगळे सांगितले. चिंचा, ताप, माझे खोटे. चाळीस वर्षे मनात ठेवलेले ओझे मी उतरवते आहे, असे मला वाटत होते. आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, तू चिंचा खाल्ल्यास ते घरात ठाऊक होतं. तुझ्या फ्रॉकच्या खिशात चिंचोके सापडले होते."

"मग?"

"मग काय. गल्लीला निमित्त हवं होतं. तिच्या परड्याची जागा दोघांना पाहिजे होती."

मग तिने मला नाव सांगितले. ती बाई भावाच्या गावी काही वर्षांनी वारली, हेही सांगितले. नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे आणि तिला विचारण्याची सोय आता राहिलेली नाही. पण मी ते लक्षात ठेवले आहे.

मुलांच्या तोंडून शब्द फुटतो, पण तो तिथे ठेवलेला असतो मोठ्यांनी. माझे खोटे लहान मुलीचे होते. ते ठाऊक असून गप्प राहणे मोठ्यांचे होते. डाकीण ठरवलेल्या बायांच्या बातम्या वाचताना पाहा : बहुधा ती एकटी असते, तिच्या नावावर थोडी जमीन असते किंवा ती कुणाला उलट बोललेली असते. तिला उडता येते म्हणून तिची भीती वाटली असे कधीच नसते. ती आपल्या पायांवर उभी असते, हीच अडचण असते.

पायस आवडणारी

हे सगळे मी मुलीला सांगितले. चिंचोक्यांसकट सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग आम्ही दोघींनी सहस्रनामाचे पुस्तक काढले आणि अर्थ लावत बसलो. त्यावर अठराव्या शतकातल्या भास्कररायांची टीका प्रसिद्ध आहे. घराणे मराठी, वडिलांचा संबंध विजापूरच्या दरबाराशी आणि उत्तरायुष्य तमिळ मुलखात. आपल्यासारख्याच दोन-तीन भाषांत वावरलेला माणूस. सहस्रनामात डाकिनीश्वरीचे वर्णन असे : ती कंठातल्या विशुद्धी चक्रात राहते, जिथून आपली वाणी निघते. तिचे मुख एक आणि डोळे तीन, हातात खट्वांग. अज्ञानी लोकांना ती भयंकर वाटते. आणि तिला आवडते काय? रक्त नाही, मांस नाही. पायस. दुधातली खीर.

मुलगी म्हणाली, "म्हणजे दूध आटवणारी नव्हे, दुधाची खीर आवडणारी!"

ती हे अज्जीला सांगायला गेली. अत्तींनी सगळे ऐकून घेतले. त्यांच्या माहेरच्या गावातही अशी एक बाई होती, एवढेच त्या मला हळूच म्हणाल्या. पुढे त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. पुढच्या शुक्रवारी पाठ संपल्यावर त्यांनी नैवेद्याची वाटी नातीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तगो, डाकिनीदु." घे, डाकिनीचा आहे.

देवघरात म्हणायचा शब्द आणि गल्लीत फेकायचा शब्द एकच आहे, हे तुम्हीही एकदा घरात मुलांना सांगा, मराठीतून सांगा, कन्नडातून सांगा. आणि तुमच्या गल्लीच्या टोकाला एखादी बाई एकटी राहत असेल, तर तिचे नाव काय ते मुलांना माहीत आहे का, तेवढे जरूर विचारा.